पेटीत किडे आहेत, पण दिसत नाहीत!

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या छोट्या संग्रहालयात काचेच्या पेटीत बारा काडीकिडे ठेवले होते. तीन आठवड्यांत निम्मे मेले. उरलेले लोकांना दिसतच नाहीत, ‘पेटी रिकामी आहे’ म्हणून मंडळी पुढे जातात. काय चुकलं?
— विज्ञान शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी मेलेल्यांचं पाहू. त्याच खोलीत टाचणी टोचलेल्या सुक्या कीटकांच्या पेट्या आहेत का? त्यांत डांबरगोळ्या असतील तर पहिला संशय तिथेच घ्या. सुक्या संग्रहाची कीड रोखणारा तो वास बंद खोलीत जिवंत कीटकांनाही मारतो. झुरळांचा फवारा आणि मच्छर कॉइल यांचंही तसंच. जिवंत पेटी वेगळ्या, खेळत्या हवेच्या खोलीत हलवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

दुसरी शक्यता उंचीची. काडीकिडा कात टाकताना उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकतो. खाली जागा नसेल तर तो अर्ध्यात अडकतो, पाय वाकडे होतात आणि मरतो. पेटीची उंची किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी. दहा सेंटिमीटरच्या किड्याला किमान तीस, चाळीस असेल तर बरी. छताला खरखरीत जाळी लावा, गुळगुळीत काचेला त्याला नीट धरून राहता येत नाही. निदान दोन बाजूही जाळीच्या असू द्या. चारही बाजूंनी काच असली की पावसाळ्यात आत बुरशी धरते. उन्हाळ्यात मात्र हवा कोरडी पडून कात चिकटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पानांवर बारीक तुषार मारा. किडे थेंब पितात. पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात.

खाद्याच्या फांद्या अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी घालून ठेवा, पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. फांद्या तीन-चार दिवसांनी बदला. किडा ज्या झाडावर सापडला त्याचीच पानं आधी द्या. पेरू आणि गुलाब अनेक जातींना चालतात, पण बाजारातल्या गुलाबावर औषध मारलेलं असतं, तो चुकूनही नको. जुन्या फांदीवरून किडा ओढून काढू नका. पाय धरून ओढला तर तो पाय सोडून देतो. पिल्लांना पुढच्या कातींमध्ये नवा पाय फुटतो, पूर्ण वाढलेल्याला नाही. फांदीचा तेवढा तुकडा कापून किड्यासह नव्या फांदीवर ठेवावा.

आता दिसण्याचं. दिवसा निश्चल राहणं हाच त्यांचा बचाव आहे. त्यांना हलवण्यासाठी काच वाजवू देऊ नका. मोठ्या अक्षरांत लिहा : ‘आत सहा काडीकिडे आहेत. किती सापडले?’ बाजूला झाकणाखाली उत्तराचा नकाशा ठेवा आणि फांद्या बदलल्या की तोही बदला, नाहीतर लोकांचा विश्वास उडतो. आकडा दिसला की माणूस थांबतो, शोधू लागतो. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काच हवी, मागे मोकळी फिकट पाटी आणि पुढे पानं. पेटी पानांनी गच्च भरण्याचा मोह आवरा. दिवा एलईडीचा, पेटीबाहेर. हॅलोजनने पेटी भट्टीसारखी तापते.

प्रश्न : जंगलातून कीटक न आणता कोल्हापुरातच काय दाखवता येईल?
— वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : हा विचार फार चांगला आहे. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. काही फुलपाखरं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे बाहेरूनही काही आणण्याआधी वनविभागाला लेखी विचारा. पण परड्यातलं लिंबू किंवा कढीपत्ता पाहिलात का? त्यावरच्या लिंबू फुलपाखराच्या कोवळ्या अळ्या हुबेहूब पक्ष्याची शीट वाटतात, शेवटच्या अवस्थेत मात्र हिरव्यागार होतात. डिवचलं की डोक्यामागून उग्र वासाचं शिंगासारखं अवयव बाहेर काढतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो.

अळी खाणं थांबवून भटकू लागली की पेटीत हिरवी कोवळी फांदी आणि सुकी खरखरीत काडीही ठेवा. हिरव्यावर बहुधा हिरवा कोश होतो, सुक्या काडीवर तपकिरी. दोन्ही शेजारी ठेवले की समजावून सांगायला वेगळा फलक लागत नाही. रंग एकदा ठरला की बदलत नाही, त्यामुळे तयार कोश दुसऱ्या पार्श्वभूमीवर नेऊन काही साधत नाही. अंडी किंवा लहान अळ्याच आणा. मोठ्या अळ्यांत परोपजीवी माश्यांनी आधीच अंडी घातलेली असू शकतात. नर्सरीतलं रोप टाळा, त्याच्या पानांत कीटकनाशक मुरलेलं असतं.

आंब्यावर कॉमन बॅरन फुलपाखराची अळी मिळाली तर उत्तमच. ती पानाच्या मधल्या शिरेवर, स्वतःच्या पाठीवरची फिकट रेघ शिरेशी जुळवून बसते आणि दोन्ही बाजूंचे झुपकेदार काटे पानावर पसरते. सावलीसुद्धा पडत नाही.

प्रश्न : पेटीच्या तळाशी बियांसारखे दाणे पडलेत. झाडून टाकू का?
— वाचक, कसबा बावडा

उत्तर : थांबा! ती काडीकिड्यांची अंडी आहेत. काही जातींत माद्या नराशिवायही अंडी घालतात. हवी तेवढी ओलसर वाळूवर जाळीच्या डबीत ठेवा. पिल्लं बाहेर यायला जातीनुसार दोन ते चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. नको असलेली अंडी विष्ठेसह तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच कचऱ्यात टाका, खतात किंवा बागेत नाही.