रिपीटर ऐकू येतो, पण माझा आवाज जात नाही. ते 600 चं ऑफसेट म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की रंकाळ्यावरून हॅम रेडिओचा रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो, पण पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) दिलं तर कुणीच उत्तर देत नाही. तुम्ही बहुतेक रिपीटरच्या बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवरच बोलताय. त्याचा कान वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतो; या दोहोंमधलं अंतर म्हणजे ऑफसेट.

उदाहरणापुरतं धरा, रिपीटर 145.700 मेगाहर्ट्झवर बोलतो. 2 मीटर बँडवर (तरंगलांबीवरून पडलेलं या पट्ट्याचं नाव) ऑफसेट साधारण उणे 600 किलोहर्ट्झ असतं, म्हणजे तो 145.100 वर ऐकणार. पीटीटी दाबताच तुमच्या हँडीने (हातातल्या रेडिओने) आपोआप तिथे उतरायला हवं.

एकच फ्रिक्वेन्सी का नाही? कारण रिपीटर तुमचं ऐकत असतानाच तेच पुढे प्रक्षेपित करत असतो. ज्योतिबाच्या डोंगरासारख्या उंच जागी तो बसवला, तर खालून येणारा तुमचा सिग्नल असतो एखाद्या मायक्रोव्होल्टचा, आणि शेजारीच त्याचा स्वतःचा ट्रान्समीटर कित्येक वॅटने बोलत असतो. त्या गोंगाटात रिसीव्हर बहिरा होतो. 600 किलोहर्ट्झचं अंतर ठेवूनही ते पुरत नाही; अँटेना एकच असेल तर मध्ये डुप्लेक्सर लागतो, म्हणजे येणारा आणि जाणारा सिग्नल वेगळा ठेवणारा फिल्टर. 2 मीटरसाठी त्याच्या कॅव्हिटी (फिल्टरचे धातूचे पोकळ डबे) अर्ध्या मीटरच्या आसपास उंचीच्या असतात. नीट ट्यून केलेला डुप्लेक्सर हा माझ्या मते रिपीटरमधला सर्वांत कौतुकाचा भाग. तो बिघडला की दूरचे, कमी ताकदीचे हँडीवाले आधी गायब होतात.

आता चिन्ह नीट बघा, हे मी कळकळीने सांगतोय. उणेच्या जागी चुकून अधिक ठेवलंत, तर वरच्या उदाहरणात तुम्ही 146.300 वर बोलाल. भारतात आपला बँड 144 ते 146 मेगाहर्ट्झ एवढाच आहे, म्हणजे तुम्ही परवान्याबाहेर गेलात. बरेच स्वस्त हँडी तुम्हाला अडवतही नाहीत. 70 सेंटिमीटर बँडवर अमेरिकेतलं 5 मेगाहर्ट्झचं ऑफसेट तसंच उचलू नका. आपल्याकडे तिथे 434 ते 438 एवढीच जागा आहे, त्यात ते बसतच नाही. त्या रिपीटरचं ऑफसेट चालवणाऱ्यांनाच विचारा.

ऑफसेट बरोबर असूनही रिपीटर उठला नाही, तर टोन तपासा. बऱ्याच रिपीटरना तुमच्या आवाजाखाली ठरावीक सीटीसीएसएस टोन (ओळख पटवणारा खोल, बारीक स्वर) लागतो, तो नसेल तर ते दारच उघडत नाहीत.

आणि हँडीवर रिव्हर्सची सोय असेल तर ती दाबून इनपुट, म्हणजे रिपीटर ज्यावर ऐकतो ती फ्रिक्वेन्सी, ऐका. समोरचा हॅम तिथे थेट ऐकू आला, तर तुम्हा दोघांना रिपीटरची गरजच नाही. सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय, दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर) या, रिपीटर दूरच्यांसाठी मोकळा राहील.