‘बाय’ म्हणजे विकत नव्हे

लोकलमध्ये वाचायला ई-पुस्तकं घेणार असाल तर लक्षात ठेवा, किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) ‘बाय’ दाबून मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल या इंग्रजी लेखकाची काही पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांवरून परस्पर उडवली होती. पैसे परत दिले, तो भाग वेगळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर फाइल संगणकावर उतरवून यूएसबीने चढवायची सोयही बंद केली.

म्हणून डीआरएम (फाइलवरचं डिजिटल कुलूप) नसलेली ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) शोधा. घेतल्याबरोबर ती कॅलिबर या ई-पुस्तकांच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून उघडून बघा. कुलूप असेल तर तिथेच डीआरएमची सूचना येते, आणि दुकान परतावा देत असेल तर त्याची मुदत तेव्हा शिल्लक असते. उघडली, तर एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. कंपनीच्या क्लाउडला बॅकअप समजू नका. खातं बंद झालं की तोही गेला. पुस्तक पुन्हापुन्हा लागणारं असेल तर सरळ दादरला उतरून छापील घ्या.