जनुकीय चाचणी आधी की विमा आधी?

कर्करोग झालेल्या थोरल्या बहिणीच्या ब्रॅका-१ जनुकात दोष निघाला (या दोषाने स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो), डॉक्टरांनी आपल्यालाही चाचणी सुचवली, आणि तो अहवाल उद्या विमा कंपनीपुढे गेला तर कायदा आपल्या बाजूने उभा राहील का, असे आपण विचारले आहे.

जनुकीय माहितीसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. वैयक्तिक डेटाच्या २०१९ च्या विधेयकात ती ‘संवेदनशील’ वर्गात होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. म्हणजे आपला जनुकीय अहवाल आणि मोबाइल क्रमांक यांना त्या कायद्याच्या लेखी एकच माप. शिवाय त्याला संमती हवी ती एका व्यक्तीची. बहिणीच्या सहीने आपल्याबद्दलही काही उघड झाले, हे त्याच्या हिशेबातच नाही. आपण उल्लेखिलेला, जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा व नोकरीत होणारा भेदभाव रोखणारा अमेरिकेचा २००८ चा ‘जिना’ कायदा इथे लागू नाही, आणि आयुर्विम्याला तो तिथेही हात लावत नाही.

विम्याबाबत मात्र थोडा आधार आहे. हृदयाच्या स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारावरचा दावा ‘जनुकीय विकार वगळले आहेत’ या कलमावर बोट ठेवून नाकारला गेला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे सरसकट कलम राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा, भंग ठरवले. पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना या कारणावरून आरोग्य विम्याचे दावे न नाकारण्याचे निर्देश दिले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यामुळे त्या निकालावर सगळी भिस्त ठेवू नये.

नवी पॉलिसी घ्यायचीच असेल, तर ती चाचणीपूर्वी घ्यावी, असे माझे मत आहे; न केलेल्या चाचणीचा निष्कर्ष कोणी विचारू शकत नाही. प्रस्ताव अर्जात कुटुंबातील आजारांचा रकाना असेल, तर बहिणीचा कर्करोग तिथे लिहावाच. आरोग्य विम्यात सलग ६० महिन्यांनंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा अडवता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाल्यास ही सवलतही राहत नाही. डॉक्टर घाई करत असतील, तर विम्यापायी चाचणी लांबवू नये.

आणखी एक. माझ्या चाचणीच्या वेळी संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर ‘उरलेला नमुना व माहिती संशोधनासाठी वापरता येईल’ असे वाक्य होते आणि पुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच छापलेली होती. मी ती खोडली, शेजारी सही केली आणि काउंटर सोडण्यापूर्वी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.