द्राक्षबागेत ओळींच्या मधल्या पट्ट्यात जमीन झाकायला काय पेरावं?

तुम्ही विचारलंय की मिरज तालुक्यात दोन एकर नवीन बाग लावताय, दोन ओळींच्या मधली जमीन उघडी ठेवायची नाही, तर काय पेरू? माझं उत्तर ताग, हिरवळीच्या खतासाठी पेरतात ते पीक. जूनच्या पावसावर टाका, फुलावर आला की कापा आणि जागेवरच आडवा पाडा. एकरभर सलग पेरायला वीस-पंचवीस किलो बी लागतं, फक्त मधल्या पट्ट्याला त्याच्या निम्मं पुरतं.

पण तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, 'घरचे म्हणतात बाग स्वच्छच पाहिजे.' त्या ओळीमुळं लिहायला बसलो.

आमची बाग तासगाव भागात, काळ्या रानात. मधे एक बांध, पलीकडं थोरल्या चुलत्यांची बाग. आण्णांची बाग म्हणजे सारवलेलं अंगण. काडी दिसली तरी गड्याला हाक. मी २०१६ ला पहिल्यांदा ताग टाकला तेव्हा भावकीतल्या एका लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांसमोर म्हणाले, "पोराला खुरपं धरायचा कंटाळा, म्हणून रान माजवलंय." वडील शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं.

पहिल्या वर्षी माझी चूकही झाली, ती सांगतो. ताग कापायला उशीर केला. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलावर येतो, तेव्हा कोवळा असतो. मी शेंगा धरेपर्यंत थांबलो. रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करणारं फिरतं औजार, घातला तर तागाचा सगळा वाख, म्हणजे सालीचे दोरासारखे धागे, पात्यांच्या शाफ्टला गुंडाळला. दिवसभर विळ्यानं कापून काढत बसलो. आण्णा बांधावर उभे राहून बघत होते. दुसऱ्या वर्षापासून रोटर बंदच केला. ब्रश कटरनं कापायचं, तिथंच पाडायचं, नंतर जे गावठी गवत उगवेल ते उपटायचं नाही, फक्त वीतभर ठेवून छाटत राहायचं.

मग २०१९ चा ऑक्टोबर आला. तो पाऊस आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. छाटणीला काही आठवडे झालेले, घड फुलोऱ्यात, आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. अशा वेळी दावण्या (डाऊनी मिल्ड्यू) हा रोग एका रात्रीत घडावर येतो. उघडीप मिळाली की फवारा बसलाच पाहिजे, औषध कितीही भारी आणलं तरी वेळ गेली की गेली. आण्णांनी सप्टेंबरात रोटर मारून जमीन पिठासारखी भुसभुशीत केली होती. त्यांचा ट्रॅक्टर ब्लोअरसकट, म्हणजे मागच्या फवारणी यंत्रासकट, दुसऱ्याच ओळीत एक्सलपर्यंत रुतला. माझ्या पट्ट्यात गवताच्या मुळ्यांनी माती धरून ठेवली होती, वर तागाच्या काड्यांचा थर. पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा ट्रॅक्टर शेवटच्या ओळीपर्यंत फिरून आला. त्यांचा ट्रॅक्टर मीच माझ्या ट्रॅक्टरनं ओढून काढला. त्यांना पुढं पाच दिवस पाइप ओढत, गुडघाभर चिखलात गडी घालून फवारावं लागलं. तोवर घड काळे पडले होते. माझंही नुकसान झालं, पण निम्म्याहून जास्त घड राहिले. एकच गाव, एकच माती, एकच औषध. फरक मधल्या पट्ट्याचा होता.

म्हणून मला 'स्वच्छ बाग' हा शब्द सहन होत नाही. तणनाशक मारमारून उघडी पाडलेली जमीन स्वच्छ नसते. पहिल्या पावसात तिच्यावर पापडी धरते, पाणी आत मुरत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तुटतात. तरी तिला स्वच्छ म्हणायचं, हे मला आजही पटत नाही.

काय पेरू नये हेही सांगतो. चवळी बरेचजण सुचवतील, पण जमिनीत मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक कृमी, असेल तर ती चवळीच्या मुळांवर पोसते आणि मग द्राक्षाच्या मुळांवर येते. टोमॅटो-वांग्याचंही तेच. ताग आणि झेंडू तिला वाढू देत नाहीत. मिरची तर चुकूनही नको, तिच्यावरचे फुलकिडे थेट घडावर येतात. नदीकाठची चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेली, जमीन असेल तर तागापेक्षा धैंचा हे हिरवळीचं पीक चांगलं उठतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे सगळं पावसाळ्यातलं. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे वेलीची उन्हाळी छाटणी, झाल्यावर, पाण्याची ओढ असते तेव्हा, मधे काहीही हिरवं ठेवू नका. ते तुमच्या वेलीचं पाणी पिणार. मुरमाड रानात तर अजिबात नको. तेव्हा उसाचं पाचट आणा आणि बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या उंच वरंब्यावर, ठिबकच्या नळीवर जाड पसरा. ऑक्टोबर छाटणीनंतरही गवत उंच होऊ देऊ नका. मांडवाखाली दमटपणा कोंडला की दावण्याला आपणच बोलावल्यासारखं होतं. गवतात साप असतो हे आण्णांचं म्हणणंही खोटं नाही, बायामाणसं आत जाण्याआधी छाटून घ्या.

नवीन लागण आहे म्हणून एक. पहिली दोन वर्षं रोपाच्या दोन्ही बाजूंनी दीड-दोन फूट जमीन मोकळीच हवी, तिथं खुरपण चुकवून चालत नाही. मी आजही दर पंधरा दिवसांनी खोडाजवळ स्वतः खुरपं घेऊन बसतो. आण्णांनी ते पाहिलेलं नाही. ट्रॅक्टर ओढून काढला त्या दिवसापासून ते बांध ओलांडून माझ्या बागेत आलेले नाहीत.