फर्मवेअर बाजूला ठेवा, आधी बोर्ड मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला राव. एनईएसच्या (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) कार्ट्रिज स्लॉटमध्ये बसून त्याच्या लाइन्स तपासणारा टेस्टर बोर्ड केलाय, एका कन्सोलवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही, ए-११ नि ए-१२ या अॅड्रेस लाइन्स कधी तुटलेल्या दाखवतो कधी चांगल्या, पुढचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो, आणि आता तुम्ही फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) पहिल्यापासून लिहायला बसताय. बसू नका. मी बसलो होतो, दोन महिने गेले आणि फर्मवेअरमध्ये काहीच चुकीचं नव्हतं.

सोल्डरिंग, मल्टिमीटर, केआयकॅड (बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) वगैरे तुम्हाला येतंच असं दिसतंय त्यामुळे ते सोडून देतो. एकच विचारतो, पॅडचं पिच, म्हणजे कडेवरच्या एका धातूच्या पट्टीच्या मध्यापासून शेजारच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर, किती धरलंय? २.५४ असेल तर पुढचं वाचा.

माझी गोष्ट अशी की नव्वदीत आपल्याकडे जो मारिओवाला व्हिडिओ गेम घरोघरी होता ना, पिवळ्या कार्ट्रिजवाला, तो माझा अजून आहे. त्याचा स्लॉट ६० पिनी, म्हणजे जपानी फॅमिकॉमसारखा (एनईएसचाच जपानी अवतार). पहिला टेस्टर मी त्याच्यासाठीच केला, पिच २.५४ मिलिमीटर, सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली तयार पट्टी उचलली आणि पहिल्या फटक्यात चालला. मग एका मित्राचा अमेरिकेतून आणलेला खरा एनईएस दुरुस्तीला आला, त्याला ७२ पिना. मी काय केलं, तीच फाइल घेतली, बारा पॅड वाढवले, सिग्नलची नावं बदलली आणि सरळ ५० बोर्ड ऑर्डर केले, कारण ५० ला भाव बरा पडत होता. सॅम्पल नाही, काही नाही.

एनईएसचं पिच २.५० आहे. जपानी मशीनचं २.५४, अमेरिकन मशीनचं २.५०, आतला संसार जवळपास तोच आणि पिच मात्र वेगळं. फरक ०.०४ मिलिमीटर, कोणाला दिसणार? पण एका बाजूला ३६ पॅड म्हणजे ३५ गाळे, गुणाकार करा, १.४ मिलिमीटर. बोर्ड मध्यावर बसवला तर दोन्ही टोकांना ०.७ ने सरकतो. त्यात आपला बोर्ड उघडा, कार्ट्रिजचं कव्हर नाही, म्हणजे स्लॉटमध्ये डावी-उजवीकडे थोडा हलतोच, आणि तेवढ्यात टोकाची पिन दोन पॅडच्या मधे जाते नाहीतर दोघांना जोडते. कुठल्या कन्सोलवर बोर्ड जरा डावीकडे बसला, कुठल्यावर उजवीकडे, म्हणून एकावर चालतो आणि दुसऱ्यावर नाही.

आणि गंमत बघा (तेव्हा गंमत वाटली नव्हती). मध्यावरचे पॅड बरोबर जुळतात, पण एनईएसमध्ये मध्यावर येतात त्या एक्सपॅन्शनच्या पिना, ज्या जवळजवळ कुठलंच कार्ट्रिज वापरत नाही. एका टोकाला आहेत ए-११, ए-१२, एम-टू (प्रोसेसरचा क्लॉक), आणि दुसऱ्या टोकाला लॉकआउट चिपच्या लाइन्स (एक चिप कन्सोलमध्ये, तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये, दोघी मिळून कार्ट्रिज अस्सल आहे का ते तपासतात) नि पाच व्होल्ट. म्हणजे जे लागतं ते सगळं टोकाला. तुमच्या ए-११ आणि ए-१२ च का नाचतात ते आता कळलं असेल. आणि दिवा लुकलुकतो कारण कन्सोलमधल्या लॉकआउट चिपला समोरून उत्तर मिळत नाही आणि ती दर सेकंदाला रीसेट मारत बसते. (तुमच्या बोर्डावर समोरची चिप धरलीच नसेल तर मग लुकलुकणारच, एटीटायनी १३ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालणारा मोकळा क्लोन मिळतो तो टाका.)

मला हे कळायला इतका वेळ लागला कारण दिवा लुकलुकला की सगळे एकच सांगतात, कनेक्टर खराब झालाय. मीही तेच धरून बसलो. कनेक्टर काढून पाण्यात उकळला, टाचणीने एकेक पिन वर केली, शेवटी नवीन मागवला तर तो इतका घट्ट की बोर्ड बाहेर काढताना स्क्रू ड्रायव्हर घालावा लागला. मित्राचा मूळ कनेक्टर, जो चांगला होता, तो माझ्या टाचणीने गेला. लॉकआउट चिपही बहुतेक तेव्हाच गेली, कारण पाच व्होल्टचा पॅड तिच्या लाइनच्या अगदी शेजारी आहे, पण हे मी सिद्ध करू शकत नाही, आधीच गेलेली असू शकते. मित्र काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटी सापडलं कसं, तर एक जुनं कार्ट्रिज उघडून त्याचा बोर्ड माझ्या बोर्डावर ठेवला आणि डावीकडचे पॅड जुळवले. उजवीकडे बघितलं तर अर्ध्याहून जास्त पॅड बाहेर. तिथेच खाली बसलो.

आता मोजायचं कसं. एक पिच मोजू नका, स्वस्तातल्या व्हर्नियरवर ते कळणारच नाही. पहिल्या पॅडच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पॅडच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. ८७.५ आलं तर पिच बरोबर, ८८.९ आलं तर तुम्ही माझ्या बोटीत. पुढच्या वेळी ऑर्डरच्या आधी कागदावर एकास एक प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवून खऱ्या कार्ट्रिजच्या बोर्डाशेजारी धरा. झेरॉक्सवाल्याला "फिट टू पेज" काढायला सांगा नाहीतर तो ९७ टक्क्यांवर छापून देतो आणि तुम्ही परत गोंधळात.

जाडीही बघून घ्या, ऑर्डर करताना आपोआप १.६ निवडलेलं असतं, कार्ट्रिजचा बोर्ड १.२ चा असतो. १.६ घातला की स्लॉटच्या पिना फाकतात आणि मग खरं कार्ट्रिज सैल बसतं, म्हणजे टेस्टरनेच कन्सोल बिघडवला. पॅडला सोनं लावून घ्या, साधं टिन नको, आणि कड तासून. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. बोर्डाची फाइल मी आधीच सगळ्यांसाठी नेटवर टाकून ठेवली होती, आणि चूक कळल्यावर लाजेपोटी गुपचूप बदलली. नाव तेच, व्हर्जन तेच, कुठे ओळ नाही. तोपर्यंत एकाने स्वतःच्या पैशाने दहा बोर्ड करून घेतले होते. तो सहा महिन्यांनी माझ्याकडे विचारत आला, अगदी तुमच्यासारखंच, ए-११ नाचतेय म्हणून, आणि त्याच्याकडे जुनी फाइल होती की नवी हे मलाही सांगता येईना, कारण बोर्डावर काही छापलेलंच नव्हतं. त्यामुळे सिल्कस्क्रीनवर (बोर्डावरची छापील अक्षरं) रिव्हिजन आणि तारीख छापा. खराब रिव्हिजन डिलीट करू नका, तिथेच ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा की हे बनवू नका.

लायसन्सबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, माझं मत आहे, पटलं तर घ्या, मी वकील नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं ओपन हार्डवेअर लायसन्स, २०२० चं दुसरं व्हर्जन, त्यातला एस प्रकार. म्हणजे कोणी बदल करून विकलं तर त्याने बदललेली फाइलही द्यायची. "विकायचं नाही" अशी अट घातली तर त्याला ओपन सोर्स म्हणता येत नाही, आणि नुसत्या गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या तयार फाइल) टाकून ओपन सोर्स म्हणवणाऱ्यांबद्दल मी न बोललेलंच बरं. मूळ डिझाइन फाइल द्या, स्केमॅटिक आणि बोर्ड दोन्ही. माझी चूक पुढे दुसऱ्या कोणाला पाच मिनिटांत दिसली असती, पण मी फक्त गर्बरच टाकले होते.

एक आगाऊ सांगतो, विचारलं नसलं तरी. एम-टूची तपासणी फक्त १.७९ मेगाहर्ट्झला बांधू नका. युरोपातला एनईएस १.६६ वर चालतो आणि आपल्याकडचे पाल पद्धतीच्या टीव्हीवर चालणारे क्लोन बरेचदा १.७७ वर, नाहीतर चांगल्या मशीनला टेस्टर मेलेलं म्हणेल. आणि अमेरिकन अडॅप्टर आपल्या २३० ला थेट लावू नका, हे मी कोणाकडून शिकलो ते विचारू नका.

आधी मोजा आणि आकडा इथे टाका, सोबत बोर्डाच्या दोन्ही टोकांचे फोटो. ८८ च्या वर असेल तर माझी दुरुस्त केलेली फाइल, या वेळी रिव्हिजन छापलेली, पाठवतो. ८७.५ च आला तर मग मी चुकलो, आणि तेव्हा फर्मवेअर बघू.