वाचकांचे प्रश्न : अनुभवी खेळाडूंचा फँटसी संघ मार्चपर्यंत कसा न्यावा?

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील जुने मित्र एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या सामन्यांवर आधारित फँटसी लीग खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदोपत्री संघ बांधून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर निकाल ठरवतो. बारा संघ, प्रत्येकी तेरा खेळाडू, नऊ कॅटेगरी (गुण, रिबाउंड, असिस्ट अशा मोजल्या जाणाऱ्या बाबी), दर आठवड्याला एका संघाशी हेड टू हेड लढत आणि मार्चच्या मध्यापासून तीन आठवड्यांचे प्लेऑफ, अशी आमची रचना आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडताना, सगळेच विशी-बाविशीतल्या खेळाडूंच्या मागे लागतात आणि तिशी ओलांडलेले नामवंत खेळाडू बरेच उशिरा हाती लागतात. मागच्या हंगामात मी अशा अनुभवी खेळाडूंवर भर दिला. जानेवारीअखेर मी पहिल्या क्रमांकावर होतो, पण प्लेऑफच्या पहिल्याच आठवड्यात बाहेर पडलो. यंदा हा मार्ग सोडावा का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : मार्ग सोडू नये. जानेवारीअखेर आपण सर्वांच्या पुढे होता, याचाच अर्थ आपली निवड योग्य होती आणि इतरांनी दुर्लक्षिलेल्या खेळाडूंकडून आपल्याला पुरेपूर मोबदला मिळत होता. उणीव राहिली ती दुसरीकडे : ड्राफ्ट करताना आपण खेळाडूची हंगामभराची सरासरी पाहिली असणार, आणि विजेतेपद मात्र त्या तीन आठवड्यांत ठरते, ज्यांत एकेका खेळाडूच्या वाट्याला आठवड्याला तीन किंवा फार तर चार सामने येतात. म्हणून अनुभवी खेळाडू घेताना तो किती चांगला खेळतो यापेक्षा मार्चअखेर त्याला मैदानावर उतरवण्याची गरज त्याच्या संघाला असेल का, हा प्रश्न आधी विचारावा.

वयाबद्दलची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. २०२४-२५ च्या हंगामात ख्रिस पॉल चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना ८२ पैकी ८२ सामने खेळला. जेम्स हार्डन ७९, डिमार डिरोझन ७७, तर लेब्रॉन जेम्स आणि स्टीफन करी प्रत्येकी ७० सामने खेळले. ज्यांच्यासाठी ड्राफ्टमध्ये चढाओढ लागते, त्या तरुणांपैकी व्हिक्टर वेम्बन्यामा त्याच हंगामात ४६, चेट होमग्रेन ३२ आणि झायन विल्यमसन ३० सामन्यांत दिसला. त्याच हंगामाच्या एनबीए प्लेऑफमध्ये टाचेचा स्नायुबंध तुटून तीन मोठे खेळाडू बाहेर गेले. त्यांपैकी डेमियन लिलर्ड ३४ वर्षांचा होता, पण जेसन टेटम २७ आणि टायरीस हॅलिबर्टन अवघा २५ वर्षांचा होता. अर्थात कवाय लेनर्डसारखा खेळाडू, ज्याने २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम गमावला आणि २०२४-२५ मध्ये जो ३७ सामनेच खेळला, त्याच्यावर संघाचा भार टाकणे धोक्याचेच आहे. तेव्हा जन्मतारखेपेक्षा मागील तीन हंगामांतील सामन्यांची संख्या पाहावी. जो सातत्याने सत्तरच्या आसपास खेळत आला आहे, त्याला पस्तिशी उलटली म्हणून नाकारू नये.

दुखापतीपेक्षा अधिक नुकसान करते ती विश्रांती, आणि आपला संघ बहुधा तिथेच अडखळला. सॅन अँटोनियो स्पर्सने २०१४ चे विजेतेपद टिम डंकन, मानू जिनोबिली आणि टोनी पार्कर या अनुभवी त्रयीच्या बळावर मिळवले, तेव्हा नियमित हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूला सरासरी ३० मिनिटे खेळवलेले नव्हते. खऱ्या बास्केटबॉलमध्ये ही दूरदृष्टी ठरली. फँटसीत मात्र प्रशिक्षकाच्या याच दूरदृष्टीचा फटका आपल्याला बसतो, कारण बाकावर बसलेला डंकन आपल्या खात्यात एकही रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू) जमा करत नाही. तारांकित खेळाडूंना विनाकारण विश्रांती देण्यावर एनबीएने २०२३-२४ पासून निर्बंध आणले खरे, पण हंगामाच्या आरंभी ज्याचे वय ३५ झालेले आहे, ज्याची नियमित हंगामांतील मिनिटे ३४,००० च्या पुढे गेली आहेत किंवा जो प्लेऑफ धरून १,००० सामने खेळला आहे, त्याला सलग दोन दिवसांच्या सामन्यांपैकी एकात बसवण्याची पूर्वपरवानगी संघ मागू शकतो. प्रत्येक संघाला हंगामात अशा जोड्या साधारण १४-१५ वेळा येतात. म्हणून पस्तिशीपुढच्या खेळाडूचा चार सामन्यांचा आठवडा दिसला आणि त्यात अशी जोडी असली, तर हिशेबात तीनच सामने धरावेत. एनबीएचे वेळापत्रक ऑगस्टमध्येच जाहीर होत असल्यामुळे आपल्या तीन प्लेऑफ आठवड्यांतील जोड्या ड्राफ्टपूर्वीच पाहून ठेवता येतात, आणि हे काम बहुतेक जण करत नाहीत.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्चअखेर एनबीएचे संघ तीन गटांत विभागलेले असतात. तळाचे संघ एनबीएच्या पुढील ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतील, वरच्या क्रमांकावर डोळा ठेवून तरुणांना संधी देतात आणि अनुभवी खेळाडूंना किरकोळ दुखण्याचे कारण देऊन बाजूला ठेवतात. ज्यांचे अव्वल स्थान पक्के झाले आहे, ते संघ एनबीएच्या प्लेऑफसाठी आपल्या आधारस्तंभांना जपतात. राहिले मधले, म्हणजे आपल्या परिषदेत (पूर्व किंवा पश्चिम गटात) साधारण चौथ्या ते दहाव्या क्रमांकावरचे संघ. सहावे स्थान मिळाले तर थेट प्लेऑफ आणि सातव्या ते दहाव्या क्रमांकाला प्ले-इन (उरलेल्या जागांसाठीच्या पात्रता लढती), अशी व्यवस्था असल्यामुळे त्यांना शेवटपर्यंत प्रत्येक विजय हवा असतो, आणि असा संघ आपला सर्वांत भरवशाचा माणूस बसवून ठेवत नाही. दोन अनुभवी खेळाडू सारख्याच तोलाचे वाटले, तर ज्याचा संघ या मधल्या झुंजीत सापडण्याची शक्यता आहे, तो घ्यावा. फेब्रुवारीत गुणतालिका पुन्हा पाहावी आणि तळाला घसरलेल्या संघातला आपला नावाजलेला खेळाडू, नाव मोठे आहे म्हणून उराशी न धरता, ट्रेडमध्ये (दुसऱ्या संघाशी अदलाबदलीत) वेळीच मोकळा करावा.

आता कॅटेगरींविषयी. वाढत्या वयात पायांतली ताकद आधी ओसरते, हाताचे कसब आणि खेळाची जाण पुष्कळ काळ टिकते. त्यामुळे फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मुक्त फटक्यांची) टक्केवारी, थ्री (दुरून साधलेले तीन गुणांचे बास्केट), असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारा पास) आणि गुण या बाबतींत अनुभवी संघ भक्कम असतो, तर स्टील (चेंडू हिरावणे) आणि ब्लॉक (फटका हवेतच अडवणे) यांत तो मागे पडतो. अपवाद आहेत, ब्रुक लोपेझने २०२२-२३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ७८ सामन्यांत सरासरी २.५ ब्लॉक केले, कारण तो उडीपेक्षा बास्केटजवळच्या अचूक जागेवर विसंबून खेळतो. नऊपैकी पाच कॅटेगरी जिंकल्या की आठवडा आपला, हे लक्षात घेऊन ब्लॉक आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणे; जितके कमी तितके चांगले) या दोन कॅटेगरी सरळ सोडून द्याव्यात, असे माझे मत आहे. हार्डनने २०२४-२५ मध्ये सामन्याला आठ-नऊ असिस्ट दिले, पण चारच्या वर टर्नओव्हरही केले. टर्नओव्हर आधीच सोडले असतील, तर त्याची ही बाजू आपल्याला मुळीच जड जात नाही.

फ्री थ्रोचे मोल अनेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, आपल्या संघाने आठवड्यात १०० फ्री थ्रो घेतले आणि ७६ साधले. त्यात एका अनुभवी गार्डची भर पडली, जो तीन सामन्यांत मिळून २१ घेतो आणि १९ साधतो. आता १२१ पैकी ९५, म्हणजे टक्केवारी ७६ वरून ७८.५ वर गेली. बरोबरीच्या लढतीत एवढ्या अंतराने ही कॅटेगरी फिरते, आणि ती एका माणसाने फिरवलेली असते. मात्र जो ९० टक्के साधतो पण सामन्याला दोनच फ्री थ्रो घेतो, त्याचा असा उपयोग होत नाही. टक्केवारीच्या आधी प्रयत्नांची संख्या पाहावी.

तेरापैकी किती जागा अनुभवी खेळाडूंना द्याव्यात, असे आपण विचारले नाही, तरी सांगतो : आठपेक्षा जास्त नकोत. पहिल्या दोन फेऱ्यांत भर उमेदीतले, रोज खेळणारे खेळाडू घ्यावेत, कारण तिथे वयामुळे मिळणारी सवलत फारशी नसते. ती तिसऱ्या फेरीनंतर वाढत जाते. शेवटच्या दोन-तीन जागा कुणाच्याही नावे पक्क्या करू नयेत. प्लेऑफच्या आठवड्यांत वेव्हरवरून (कुणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून) त्या-त्या दिवशी सामना असलेला खेळाडू उचलण्यासाठी त्या मोकळ्या लागतात, आणि ज्याच्या बाकावर विश्रांती घेणारे चार दिग्गज बसलेले असतात, त्याला ही सोय उरत नाही.

प्रश्न : मी वेर्णे येथील औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीत काम करतो आणि कामावर फोन पाहता येत नाही. माझा अनुभवी खेळाडू आज खेळणार की नाही, हे मला वेळेत कसे कळावे? — एक वाचक, वास्को

उत्तर : एनबीएच्या नियमानुसार प्रत्येक संघाला जायबंदी खेळाडूंची यादी सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत द्यावी लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे ५ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन. त्यामुळे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होणाऱ्या सामन्याची पहिली यादी आपल्याला गुरुवारी कामावर निघण्यापूर्वीच पाहता येते. सलग दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी मुदत त्याच दिवशी दुपारी १ ची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराची असते, आणि अनुभवी खेळाडूंना बसवतात ते बहुधा याच सामन्याला. तेव्हा त्या रात्री यादी पाहूनच झोपावे. पश्चिम किनाऱ्यावरच्या संघांची घोषणा आणखी तीन तासांनी येते, त्यामुळे तेथील पस्तिशीपुढच्या खेळाडूसाठी रात्रीच पर्यायी खेळाडू लावून ठेवणे श्रेयस्कर. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात आणि या सर्व वेळा आपल्यासाठी एक तास अलीकडे येतात, म्हणजे साडेपाचचा सामना साडेचारला सुरू होतो. नेमके तेव्हाच आपले प्लेऑफ तोंडावर आलेले असतात. लाइनअप लॉक होण्याची (त्या दिवसाचे खेळाडू बदलणे बंद होण्याची) वेळ त्याप्रमाणे पाहावी.

प्रश्न : विजेत्यासाठी प्रत्येकाने काही रक्कम काढावी, असे आमच्या गटात ठरत आहे. हरकत आहे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : हरकत आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी आलेली आहे. लीग विनामूल्यच ठेवावी.

प्रश्न : आमच्या लीगमध्ये प्रत्येकाला चार खेळाडू पुढील वर्षासाठी राखता येतात. माझा संघ दुसऱ्या स्थानावर आहे. तळाच्या संघाचा मालक मला ३६ वर्षांचा एक नामवंत खेळाडू द्यायला तयार आहे आणि बदल्यात २१ वर्षांचा एक होतकरू खेळाडू मागतो. तरुण खेळाडू सोडण्याचा धीर होत नाही. — एक वाचिका, डिचोली

उत्तर : आपल्या संघातील खेळाडूंची पुढील वर्षाच्या दृष्टीने क्रमवारी लावा आणि हा तरुण कितवा येतो ते पाहा. तो पाचवा किंवा त्याखाली येत असेल, तर आपण त्याला राखू शकणारच नाही. हंगाम संपताच तो आपल्या हातून जाणार आहे आणि आज त्याला जी किंमत येते आहे, ती एप्रिलमध्ये शून्य होईल. अशा वेळी तो देऊन विजेतेपदाला हातभार लावणारा खेळाडू घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार आहे. तो पहिल्या तिघांत येत असेल, तर देऊ नका. चौथा असेल, तर खरी कसोटी आहे, आणि तिथे मी विजेतेपदाच्या बाजूने कौल देईन, कारण दुसऱ्या स्थानावरचा संघ दरवर्षी हाती येत नाही आणि हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागण्यात अशा लीगमधल्या कित्येकांची वर्षे निघून जातात.

व्यवहाराची वेळ मात्र सांभाळावी. एनबीएची स्वतःची ट्रेडची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. आपल्या लीगची मुदत त्यानंतरची असेल, तर तोवर थांबावे, कारण दुसऱ्या संघात गेलेल्या अनुभवी खेळाडूची भूमिका एका रात्रीत लहान किंवा मोठी होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये मायामी हीटने ३५ वर्षांच्या जिमी बटलरला वारंवार निलंबित केले, तेव्हा फँटसीत त्याला कुणी विचारत नव्हते; फेब्रुवारीत तो गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला आणि हंगाम संपेपर्यंत त्यांच्यासाठी ३० सामने खेळला. आपल्याला देऊ केलेल्या खेळाडूच्या संघाची नजर पुढच्या ड्राफ्टवर असेल आणि मुदतीनंतरही तो तिथेच राहिला असेल, तर त्याचे नाव कितीही मोठे असले तरी हा व्यवहार करू नये.