घरच्या अंगणातच लग्न करायचंय, साधारण २०० माणसं, आधी काय बघू?
सगळे डेकोरेशनच्या मागे लागतात पण खरा घोळ पाणी आणि संडासाचा होतो, २०० माणसांना घरचा एक संडास कुठून पुरणार, शेजारच्या दोन-तीन घरांत आधीच विचारून ठेवा, टँकर आदल्या रात्रीच मागवा. मे महिना असेल तर नुसतं कापड नको, वर ताडपत्री हवीच, वळीव काय सांगून येतो का, आणि मांडव जिथे घराच्या पागोळीला टेकतो ना तिथूनच पाणी आत येतं, ती फट नीट झाकून घ्या. वाढपी आचाऱ्यालाच आणायला सांगा, घरची पोरं दुसऱ्या पंगतीला गायब होतात (नेहमीचंच). जनरेटर लांब ठेवा नाहीतर मंगलाष्टकं ऐकूच येणार नाहीत. रात्री १० नंतर स्पीकर बंद, नियमच आहे तो.